सह्याद्रीतून आकाशगंगेचे छायाचित्रण: आपल्या अक्षांशाचे वेळापत्रक

रानवाट (धागाकर्ता)

आकाशगंगेचे छायाचित्र कसे काढावे, याविषयी जालावर वाचायला मिळणारे बहुतेक लेखन युरोप-अमेरिकेतील छायाचित्रकारांनी त्यांच्या आकाशासाठी केलेले असते. त्यामुळे ‘जून ते ऑगस्ट हा उत्तम हंगाम’ हे वाक्य आपल्याकडील नवख्या माणसापर्यंत जसेच्या तसे येऊन पोहोचते. महाराष्ट्रात त्या तीन महिन्यांत ढगांमुळे आकाश क्वचितच उघडते. पुढे हिवाळ्यात आकाश स्वच्छ झाले की तोच माणूस डिसेंबरमध्ये कॅमेरा घेऊन डोंगरावर जातो आणि आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग काही सापडत नाही म्हणून आपल्या कॅमेऱ्याला कमी लेखू लागतो. माझे अनेक वर्षांच्या भटकंतीनंतरचे मत असे आहे की महाराष्ट्रातून चांगले चित्र मिळण्यासाठी महागड्या लेन्सपेक्षा तारीख, तिथी आणि दिशा या तीन गोष्टी कितीतरी अधिक महत्त्वाच्या आहेत. हा धागा त्यांच्यासाठीच काढला आहे.

आकाशगंगेचा मध्यभाग धनु राशीत, वृश्चिकाच्या नांगीजवळ आहे. खगोलीय विषुववृत्ताच्या तो सुमारे 29 अंश दक्षिणेला असल्यामुळे पुण्याच्या, म्हणजे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावरून तो मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर येतो तेव्हा दक्षिण क्षितिजापासून सुमारे साडेबेचाळीस अंश उंच असतो. उगवतो तो आग्नेयेला आणि मावळतो नैर्ऋत्येला. फेब्रुवारीच्या मध्यावर तो पहाटे साडेतीनच्या सुमारास उगवतो, मार्चच्या मध्यावर दीडच्या सुमारास, एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेअकराच्या पुढे आणि मेच्या मध्यावर रात्री पावणेदहाच्या आसपास. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास, एवढे लक्षात ठेवले तर मधल्या कोणत्याही तारखेचा अंदाज मनातल्या मनात करता येतो.

यातून आपले दोन हंगाम ठरतात. पहिला फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंतचा, मध्यरात्रीनंतरचा आणि पहाटेचा. दुसरा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमधला, संध्याकाळचा, फार तर तासाभराचा. ऑक्टोबरच्या मध्यावर संधिप्रकाश पूर्ण संपतो तेव्हा, सुमारे साडेसातला, मध्यभाग नैर्ऋत्येला 28 अंशांवर असतो आणि साडेआठपर्यंत 17 अंशांवर उतरतो. नोव्हेंबरच्या मध्यावर अंधार पडेपर्यंतच तो दहा अंशांच्या खाली गेलेला असतो आणि क्षितिजाजवळच्या धुरकटपणात त्याचे फारसे काही उरत नाही.

आता तिथीविषयी. ‘अमावास्येला जा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण त्यामुळे महिन्यातील एकदोनच रात्री हाती राहतात. पहाटेच्या चित्रणाला चंद्र पहाटेपूर्वी मावळलेला असणे पुरेसे आहे. शुक्ल दशमीचा चंद्र रात्री अडीच-तीनच्या सुमारास मावळतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अमावास्येच्या आदल्या पहाटेपासून शुक्ल दशमीपर्यंतची प्रत्येक पहाट वापरता येते. आपल्या सणांच्या भाषेत सांगायचे तर महाशिवरात्रीपासून पुढचे दहा-अकरा दिवस हा पहिला टप्पा आणि गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंतचा दुसरा. रामनवमीच्या सुमारास मध्यभाग मध्यरात्रीच्या आसपासच उगवत असला तरी चंद्र मावळेपर्यंत थांबावे लागते; तोवर तो पुरेसा वर आलेला असतो, म्हणून त्यात तोटा नाही.

ऑक्टोबरचा हिशेब याच्या उलट आहे. तेव्हा चंद्र उशिरा उगवायला हवा. कोजागरीनंतरच्या संकष्टीला चंद्रोदय साधारण साडेआठला होतो, म्हणजे संकष्टीची संध्याकाळसुद्धा चित्रणाला मिळते, आणि तिथपासून भाऊबीजेपर्यंत संध्याकाळी चंद्राचा अडथळा जवळपास नसतो. दिवाळीच्या दिवसांत मात्र फटाक्यांचा धूर आणि रोषणाई यांचा विचार करून गावापासून बरेच दूर जावे लागते. ज्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर येते त्या वर्षी या टप्प्यावर अवलंबून राहू नये.

दिशेबाबत एकच नियम सांगतो: शहराच्या दक्षिणेला जावे. मध्यभाग नेहमी आग्नेय ते नैर्ऋत्य या पट्ट्यातच असतो, त्यामुळे शहर आपल्या पाठीशी, उत्तरेला राहिले पाहिजे. पुण्याच्या माणसाने राजगड-तोरण्याच्या बाजूला जावे, कारण तेथून पुण्याचा प्रकाश ईशान्येला राहतो. भंडारदऱ्याचे आकाश सुंदर आहे, पण तेथून पुणे जवळजवळ थेट दक्षिणेला येते आणि कल्याण-मुंबईचा प्रकाश नैर्ऋत्य व पश्चिमेच्या मध्ये येतो. म्हणूनच भंडारदरा फेब्रुवारीच्या पहाटे, मध्यभाग आग्नेयेला असताना अधिक चांगला आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी कमी चांगला, असा माझा अनुभव आहे. जागा निवडताना नकाशावर आपल्या जागेपासून आग्नेय, दक्षिण आणि नैर्ऋत्य या तीन रेषा ओढून त्या साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत कोणत्या शहरांवरून जातात, ते घरीच पाहून ठेवावे.

तांत्रिक बाबी प्रतिसादांत येतीलच. आपापल्या भागातील अनुभव, विशेषतः मराठवाडा आणि विदर्भातले, सविस्तर लिहावेत ही विनंती.

सागरवेळ

उत्तम धागा. ऑक्टोबरच्या हंगामाबद्दल कोकणाच्या बाजूने थोडी भर घालतो. श्रीवर्धन, हरिहरेश्वरपासून खाली सिंधुदुर्गापर्यंत कोठेही उभे राहिले तरी नैर्ऋत्येला फक्त समुद्र असतो, आणि समुद्रावर शहर नसते. मासेमारी करणाऱ्या बोटींचे दिवे क्षितिजावर दिसतात, तेवढाच काय तो उजेड. मध्यभाग पाण्यावर उतरत जातानाचे चित्र घाटमाथ्यावरून कधीच मिळणार नाही.

अडचण आहे ती दमटपणाची. ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यावर अंधार पडल्यानंतर तासाभरात लेन्सच्या पुढच्या काचेवर दव धरते, आणि ते डोळ्यांना जाणवण्याआधी चित्रात उतरते: तारे फुगीर दिसू लागतात आणि त्यांच्याभोवती कडे येते. काच रुमालाने पुसणे हा उपाय नाही, कारण खारट ओलावा काचेवर पसरतो आणि दोन मिनिटांत दव पुन्हा धरते. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती सुरुवातीपासूनच गुंडाळावी, कारण काच हवेपेक्षा एखाददुसरा अंश उबदार राहिली तरी दव धरत नाही. दव धरल्यानंतर पट्टी लावली तर ते उडायला बराच वेळ जातो आणि आपल्याजवळ एकूण वेळच तासाभराचा असतो.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. वेळाससारख्या किनाऱ्यांवर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले घरट्यांतून बाहेर पडतात, आणि नेमका तोच आपला पहाटेचा हंगाम असतो. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून अशा किनाऱ्यावर बॅटरीने दगड किंवा नाव उजळवून चित्र काढणे त्यांच्या जिवावर बेतू शकते. त्या काळात त्या वाळूवर दिवा लावूच नये. चित्र दुसऱ्या किनाऱ्यावर काढता येते.

तन्वी_हडपसर

माझ्याकडे क्रॉप (म्हणजे पूर्ण फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली 18-55 ची किट लेन्स आहे, तिचे ॲपर्चर 18 मिलिमीटरला f/3.5 पर्यंतच उघडते. याच साहित्यावर आकाशगंगा मिळेल का, की आधी f/2.8 ची वाइड लेन्स घ्यावी? दुसरे असे की शटर किती सेकंद उघडे ठेवायचे ते सांगणारा ‘500 चा नियम’ वापरला तरी तारे किंचित लांबट येतात, त्याचे कारण काय असावे? भावाकडे चांगला मोबाइल आहे, त्यावर प्रयत्न करणे योग्य ठरेल का?

रानवाट

तन्वी, नवी लेन्स घेण्याची घाई करू नका. आहे त्या लेन्सवर निश्चित मिळेल.

तारे लांबट येण्याचे कारण त्या नियमातच आहे. 500 ला फोकल लेंग्थने भागायचे, आणि क्रॉप सेन्सर असेल तर आधी फोकल लेंग्थला 1.5 ने गुणायचे, असा तो नियम आहे. तुमच्या बाबतीत 18 गुणिले 1.5 म्हणजे 27, म्हणून उत्तर येते सुमारे साडेअठरा सेकंद. हा नियम फिल्मच्या काळातला आहे आणि तो सेन्सरवरील पिक्सेलचा आकार विचारात घेत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे आकाश एका सेकंदात सुमारे 15 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकते. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे 3.9 मायक्रॉनचा धरला तर 18 मिलिमीटरला तो आकाशातील सुमारे 45 विकला व्यापतो. साडेअठरा सेकंदांत तारा सहा पिक्सेल ओलांडतो आणि ते डोळ्यांना दिसते.

यासाठी एनपीएफ नावाचे सूत्र अधिक उपयोगी आहे. त्याचे सोपे रूप असे: ॲपर्चरच्या आकड्याला 35 ने गुणा, मायक्रॉनमधील पिक्सेलच्या आकाराला 30 ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि फोकल लेंग्थने भागा. तुमच्यासाठी 122.5 अधिक 117, भागिले 18, म्हणजे सुमारे 13 सेकंद. वृश्चिक-धनूकडचे तारे विषुववृत्तावरील ताऱ्यांपेक्षा थोडे सावकाश सरकतात, म्हणून 15 सेकंदही चालून जातील.

13 सेकंदांत f/3.5 ला प्रकाश कमी मिळतो हे खरे, आणि त्यावर उपाय स्टॅकिंगचा. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 3200 ठेवून, कॅमेरा जराही न हलवता, एकामागोमाग 16 फ्रेम घ्या. संगणकावर त्या ताऱ्यांवर जुळवून सरासरी केल्या की नॉईज, म्हणजे चित्रातील दाणेदारपणा, फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे 16 फ्रेममध्ये एक चतुर्थांश होते. विंडोजवर सिक्वेटर आणि डीपस्कायस्टॅकर, शिवाय कोणत्याही संगणकावर सिरिल, ही तिन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. त्यांपैकी सिक्वेटरमध्ये जमीन आणि आकाश वेगवेगळे धरण्याची सोय असल्यामुळे पुढे किल्ला किंवा झाड असलेल्या चित्राला ते सोयीचे पडते.

फाइल रॉ स्वरूपातच घ्या. लेन्सवरील स्थिरीकरण बंद ठेवा. फोकस हाताने, लाइव्ह व्ह्यू मोठा करून एखाद्या ठळक ताऱ्यावर करा; फेब्रुवारीच्या पहाटे त्यासाठी स्वाती किंवा ज्येष्ठा चांगली. तारा पडद्यावर लहानात लहान टिंब दिसेल तेथे फोकसची रिंग चिकटपट्टीने बांधून टाका. किट लेन्सवर अनंताची खूण बहुधा नसते, आणि असली तरी तिच्यावर विसंबू नये.

मोबाइलबाबत सांगायचे तर तो हातात न धरता ट्रायपॉडवर ठेवला तर आश्चर्य वाटावे इतके चित्र देतो. गूगलने 2019 मध्ये पिक्सेल 4 मध्ये आणलेली पद्धत हीच होती: जास्तीत जास्त सुमारे चार मिनिटांत अनेक छोटी एक्स्पोजर घेऊन फोनमध्येच त्यांचे स्टॅकिंग करणे. भावाला बरोबर अवश्य न्या.

मैनकाठ

मी फ्रँकफर्टला राहतो, म्हणून धाग्यातील मूळ मुद्द्याला दुसऱ्या बाजूने पुष्टी देतो. येथे 50 अंश उत्तर अक्षांशावर आकाशगंगेचा मध्यभाग मध्यमंडलावर असतानाही क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर येतो. भर उन्हाळ्यात, जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, सूर्य मध्यरात्रीही क्षितिजाच्या 18 अंश खाली जात नसल्यामुळे खरा अंधार होतच नाही. येथील मंडळी ‘उन्हाळ्यातील आकाशगंगा’ म्हणून जी चित्रे काढतात त्यांत बहुतेकदा डोक्यावरचा हंस तारकासमूहाचा भाग असतो. वृश्चिक आणि धनु पूर्ण उंचीवर पाहायला ते कॅनरी बेटांवर किंवा नामिबियात जातात. साडेबेचाळीस अंश हा आकडा इकडच्या माणसाला हेवा वाटावा असा आहे.

येथील मराठी मित्रांसाठी एक सूचना मात्र करावीशी वाटते. आपल्यापैकी बरेच जण नाताळच्या सुट्टीत घरी जातात आणि तेव्हा आकाशगंगेचे चित्र काढायचा बेत करतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यच धनु राशीच्या तारकासमूहात असतो, त्यामुळे मध्यभाग दिवसा आपल्या डोक्यावरून जातो आणि रात्री तो दिसण्याचा प्रश्नच नसतो.

रानवाट

मैनकाठ, हे फार महत्त्वाचे लिहिलेत. डिसेंबरमध्ये येणाऱ्यांनी मृगाकडे वळावे. व्याध, मृग, रोहिणी, कृत्तिका हा सगळा भाग रात्रभर उंच असतो. मृगाच्या तलवारीतील तेजोमेघ 50 मिलिमीटरच्या साध्या लेन्सवरही गुलाबी दिसतो, आणि 13-14 डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव आपल्या कोरड्या, स्वच्छ हवेत फार चांगला मिळतो. ऑगस्टमधील ययातीचा उल्कावर्षाव, ज्याचे कौतुक परदेशी संकेतस्थळांवर अधिक असते, तो आपल्याकडे पावसात जातो.

कातळशिल्प

तारकामार्गांच्या, म्हणजे स्टार ट्रेलच्या, चित्रांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो, कारण त्यातही अक्षांशाचा प्रश्न येतो. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची ही आपल्या अक्षांशाइतकी असते, म्हणजे आपल्याकडे साडेअठरा-एकोणीस अंश. कॅमेऱ्याच्या चौकटीत ध्रुवाभोवती डोक्यापर्यंत जाणारी पूर्ण वर्तुळे आपण परदेशी चित्रांत पाहतो, ती येथे मिळत नाहीत, कारण ध्रुवापासून साडेअठरा अंशांच्या आतील तारेच येथे कधी मावळत नाहीत. सप्तर्षी मावळतात आणि शर्मिष्ठाही मावळते. आपल्या चित्रात मधोमध लहान पूर्ण वर्तुळे असतात आणि त्यांच्यावर जमिनीतून निघून पुन्हा जमिनीत जाणाऱ्या मोठ्या कमानी येतात, आणि मला स्वतःला हेच रूप अधिक आवडते.

जागा निवडताना यामुळे काळजी घ्यावी लागते. दरीत उभे राहिले आणि उत्तरेला पाचशे मीटर उंचीचा डोंगर जवळ असला तर ध्रुवतारा त्याच्या मागे जातो. घाटातील अनेक गावांतून तो दिसत नाही. पठारावर किंवा गडाच्या उत्तर कड्यावर जावे, आणि बुरूज, कमान किंवा मंदिराचा कळस ध्रुवाच्या बरोबर खाली येईल असे उभे राहावे. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड केले तर मृगाच्या पट्ट्याजवळचे तारे जवळजवळ सरळ रेषा काढतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे तारे विरुद्ध दिशांना वाकतात. हे चित्र फार थोडे लोक काढतात.

तासाला 15 अंश हे प्रमाण असल्यामुळे डोळ्यांत भरेल अशा कमानीसाठी किमान दीड-दोन तास लागतात. एकच लांब एक्स्पोजर न घेता 30 सेकंदांच्या फ्रेम सलग घ्याव्यात, तासाला सुमारे 120, आणि मागाहून स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये जोडाव्यात. कॅमेऱ्यातील दीर्घ एक्स्पोजरची नॉईज घटवण्याची सोय येथे बंदच ठेवली पाहिजे. ती चालू असेल तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ थांबतो आणि रेषा तुटक येते.

वैनगंगा_तीर

विदर्भातून लिहितो आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेकडून ‘डार्क स्काय पार्क’ असा दर्जा मिळाला, आणि हा दर्जा मिळवणारे ते भारतातील पहिले उद्यान ठरले. त्याआधी 2022 मध्ये लडाखमधील हान्ले परिसर राखीव अंधारक्षेत्र म्हणून अधिसूचित झाला होता, पण तेथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे आणि तेथे जाणे प्रत्येकाला जमण्यासारखे नाही. पेंचच्या बाबतीत मला सर्वाधिक समाधान याचे वाटते की सिल्लारी आणि आसपासच्या गावांतील रस्त्यावरचे दिवे बंद न करता, त्यांचा प्रकाश फक्त जमिनीवर पडेल अशा रीतीने बदलण्यात आले. रस्ता उजळतो आणि आकाश काळे राहते. प्रत्येक ग्रामपंचायतीला हे करता येण्यासारखे आहे.

मुंबई-पुण्याच्या मंडळींना आणखी एक विचारायचे आहे. प्रकाशप्रदूषण कापणारे फिल्टर तुम्ही अजून वापरता का? माझ्या मते त्यांचा काळ आता संपला. पूर्वी रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते, त्यांचा बहुतेक प्रकाश 589 नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असे आणि तेवढाच पट्टा फिल्टरने अडवता येत असे. आताचे पांढरे एलईडी सगळ्या वर्णपटात पसरलेले आहेत, आणि त्यांतील निळा भाग हवेत अधिक विखुरतो. फिल्टर लावला तर ताऱ्यांचाच प्रकाश कमी होतो.

रानवाट

पूर्ण सहमत आहे. फिल्टरवर खर्च करण्यापेक्षा तेवढ्या पैशांत पेंचला जाऊन यावे.

मावळतीर

धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे, पण मार्च-एप्रिलच्या शिफारशीबद्दल एक शंका मांडतो. मावळ, मुळशी, वेल्हे या भागांत याच दिवसांत भाताच्या रोपांसाठी राब भाजतात आणि डोंगरांवर वणवेही लागलेले असतात. रात्री तो धूर दरीत साचून राहतो. गेल्या काही वर्षांत आमच्या बाजूने एप्रिलमध्ये आग्नेय क्षितिजावरचे पहिले दहा-पंधरा अंश मातकटच दिसतात.

रानवाट

मावळतीर, निरीक्षण अगदी अचूक आहे आणि मूळ लेखात हे यायलाच हवे होते इतके महत्त्वाचे आहे. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची थंड हवा खाली राहते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. धूर त्या झाकणाखाली अडकतो. उंचावर गेले की आपण त्या थराच्या वर येतो. सिंहगड, पुरंदर, हरिश्चंद्रगड यांच्यासारख्या हजार मीटरहून उंच ठिकाणांवरून दरीतील धूर दुधासारखा खाली पसरलेला दिसतो आणि वरचे आकाश स्वच्छ असते. उंचीवर जाणे शक्य नसेल तर मध्यभाग उगवल्या-उगवल्या चित्र घेण्याचा आग्रह सोडून तो तीस अंशांच्या वर येईपर्यंत थांबावे. तीस अंशांवरून येणारा प्रकाश दहा अंशांवरून येणाऱ्या प्रकाशाच्या जेमतेम एक तृतीयांश हवेतून येतो, आणि हा फरक कोणत्याही संपादनाने भरून निघत नाही.

गडांवर रात्री थांबण्याबद्दलही येथेच लिहितो. संरक्षित स्मारकांवर आणि वनक्षेत्रात सूर्यास्तानंतर थांबायला परवानगी लागते, ती आधी घ्यावी, आणि पायथ्याच्या गावात आपण कोठे जात आहोत ते सांगून जावे. एकट्याने कड्याच्या टोकाला ट्रायपॉड लावू नये. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणून लाल दिवा वापरावा. पण चालताना मात्र पांढरा दिवा निःसंकोच लावावा, कारण पायाखालची वाट चित्रापेक्षा महत्त्वाची आहे.

पुराणवस्तू

एक वेगळी, पण याच विषयातली गोष्ट सांगतो. आकाशाचे शास्त्रीय छायाचित्रण महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली, आणि तेथील 20 इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून ग्रहणाचे आणि वर्णपटाचे छायाचित्रण केले. वेधशाळा बंद झाल्यावर ती दुर्बीण 1912 मध्ये कोडाईकनालला गेली. जेऊरवरून रेल्वेने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, असा प्रश्न मला दर वेळी पडतो.

कातळशिल्प

फार मोलाची माहिती. जेऊरच्या परिसराचे आकाश आजही चांगले आहे, उजनीच्या पाण्याकाठी तर विशेष.

मला एक विषय उपस्थित करायचा आहे, आणि त्यावर मतभेद होतील याची कल्पना आहे. हल्ली समाजमाध्यमांवर आपल्या गडांची जी ‘आकाशगंगा’ चित्रे फिरतात, त्यांतील पुष्कळशी दोन वेगळ्या ठिकाणांची, वेगळ्या दिवसांची चित्रे जोडून केलेली असतात आणि तसे कोठेही लिहिलेले नसते. संधिप्रकाशात गडाचे एक चित्र घेऊन, ट्रायपॉड न हलवता, रात्री त्याच दिशेच्या आकाशाचे दुसरे घेणे आणि दोन्ही जोडणे याला माझी हरकत नाही, कारण त्या जागेवरून ते दृश्य खरोखर दिसते. दुसरीकडचे आकाश आणून चिकटवणे मात्र मला मान्य नाही.

सागरवेळ

मला यात एवढे वावगे वाटत नाही. चित्रकार कल्पनेने चित्र रंगवतो, तसे हेही एक कल्पनाचित्र मानता येईल. पाहणाऱ्याला आनंद मिळाला तर त्यात कोणाचे नुकसान आहे?

रानवाट

सागरवेळ, नुकसान होते ते तन्वींसारख्या शिकणाऱ्यांचे. त्या चित्रावर विश्वास ठेवून माणूस त्या गडावर जातो, त्या दिशेला कॅमेरा लावतो आणि तेथे मध्यभाग कधी येतच नाही. आपल्या अक्षांशावरून मध्यभाग पूर्वेच्या सुमारे 31 अंश दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेच्या तितकाच दक्षिणेला मावळतो. उत्तरेकडे तोंड केलेल्या दरवाजावर किंवा वायव्येच्या कड्यावर तो दिसणे अशक्य आहे. कोकणकड्याचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे त्याच्या डाव्या अंगाला, नैर्ऋत्येकडे तिरका उतरलेला मध्यभाग खरा असू शकतो, पण कड्याच्या उजव्या टोकावर उभा असलेला खरा नसतो. दिशा आणि उंची तपासायला स्टेलॅरियम हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. कल्पनाचित्र जरूर करावे, फक्त खाली तसे स्पष्ट लिहावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

सागरवेळ

शिकणाऱ्यांचा मुद्दा पटला. लिहिणे बंधनकारकच असावे.

तन्वी_हडपसर

सर्वांचे मनापासून आभार. पाडव्यानंतरच्या आठवड्यात आम्ही दोघे भाऊ-बहीण वेल्ह्याच्या बाजूला जाणार आहोत, तेथील ओळखीच्या घरी राहण्याची सोय झाली आहे. चंद्र मावळेपर्यंतच्या वेळात दक्षिणेला आणखी काय टिपता येईल?

रानवाट

तन्वी, त्या दिवसांत दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू हा तारकासमूह असतो आणि महाराष्ट्रातून तो दिसतो हेच अनेकांना माहीत नसते. त्याचा सर्वांत खालचा तारा वेल्ह्यावरून जेमतेम साडेआठ अंश आणि सगळा समूह सरासरी अकरा-बारा अंश वर येतो, म्हणून दक्षिणेला डोंगर नसलेली जागा दिवसाच पाहून ठेवा. मार्चअखेरीस तो मध्यरात्रीच्या पुढे आणि एप्रिलअखेरीस रात्री साडेदहाच्या आसपास सर्वाधिक उंचीवर, थेट दक्षिणेला असतो. पहिले चारपाच दिवस चंद्र तोवर मावळलेला असेल. पुढे त्याचा उजेड राहिला तरी त्रिशंकूचे तारे ठळक असल्यामुळे अडणार नाही, उलट पुढची जमीन उजळून मिळेल. 35 मिलिमीटरच्या आसपास ठेवा, आयएसओ 1600 आणि आठ सेकंद. तुमची लेन्स तेथे f/4.5 पेक्षा जास्त उघडणार नाही, म्हणून येथेही आठ-दहा फ्रेम घेऊन स्टॅक करा.

त्याच्या डावीकडे नरतुरंग तारकासमूहाचे दोन ठळक तारे साधारण दीड-दोन तासांनी वर येतात, आणि वरच्या बाजूला, सुमारे 24 अंशांवर, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आहे. तुमच्या लेन्सच्या 55 मिलिमीटरच्या टोकाला तो ताऱ्यासारखा टोकदार न येता धुरकट गोळ्यासारखा येईल, तेव्हा फोकस बिघडला असे समजून रिंग फिरवू नका. भावाच्या मोबाइलसाठी दुसरा छोटा ट्रायपॉड बरोबर असू द्या, आणि रॉ फाइल येथे टाकल्यात तर स्टॅकिंग करताना अडेल तेथे आम्ही मदत करू.